रिकामं भांडं परत जात नसते

आमच्या सिस्टर कुणाच्याही घरात शिरल्या की आधी चुलीपाशी जायच्या आणि गंजावरचं, म्हणजे पातेल्यावरचं, झाकण उचलून आत बघायच्या. "काय शिजून राह्यलं?" असं विचारायच्या, पण उत्तराची वाट बघायच्या नाहीत. बघून झालं की झाकण जसं होतं तसं ठेवायचं, मग ओसरीवर येऊन बसायचं, आणि नमस्कार-चमत्कार त्याच्यानंतर.

तुम्ही म्हणाल, ही काय रीत झाली? मीही तेच म्हणायचो. पांढरकवड्याहून आत, जंगलाच्या कडेला आमचं आरोग्य केंद्र आहे. मी तिथं औषधं देतो. त्या तिथं नर्स होत्या, माझ्या आधी पंधरा वर्षांपासून. मूळच्या नेरच्या. लग्न केलं नव्हतं, केंद्रामागच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या. नाव रजिस्टरमध्ये होतं, पण ते कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. आख्खा इलाखा त्यांना सिस्टर म्हणायचा.

एकदा एका चांगल्या खात्यापित्या घरी मी त्यांच्यासोबत गेलो होतो. सून दोन जिवांची. सासू सांगत होती, सून सगळं खाते, डाळ खाते, पाला खाते, दूध पिते. सिस्टर आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "माय, एका गंजात डाळ हाये आन् दुसऱ्यात डाळीचं पाणी. दोन गंज कायले? एकातच करत जा." डाळीचं पाणी सुनेच्या वाट्याचं होतं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, सिस्टर, लोकांच्या घरात असं नाक खुपसू नये. तर म्हणाल्या, "भाऊ, मानूस खोटं बोलते. गंज नाई बोलत."

जिल्ह्याचे मोठे साहेब तपासणीला आले, तेव्हा तर मी डोळेच मिटून घेतले. साहेब हात धुवायला गेले आणि यांनी त्यांचा डबा उघडला. साहेब परत आले तर या म्हणतात, "साहेब, शुगर हाये ना तुमाले? मंग बटाटा कायले?" साहेबांनी त्या दिवशी बटाटे बाजूला काढून ठेवले. माझ्या डोळ्यांदेखत.

दुसरी खोड अशी, की कुणाचं भांडं घरी आलं तर ते कधी रिकामं परत जायचं नाही. ही रीत तुमच्याही घरी असेल, माझ्याही घरी आहे. पण आपण सवडीनं पाळतो. बाळंतीण घरी गेली की लोक सिस्टरना दही आणून द्यायचे, तुरीच्या शेंगा आणायचे, सीताफळं आणायचे. क्वार्टरमध्ये असून असून काय असणार? साखर असली तर साखर, तांदूळ असले तर मूठभर तांदूळ. आणि काहीच नसलं तर ओआरएसची पुडी. माझ्या कपाटातल्या पुड्या कमी का होतात ते मला सहा महिने कळत नव्हतं. "रिकामं भांडं परत जात नसते," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

आता आफ्रिकेचं सांगतो.

आम्ही तिघं मित्र. मी, आमच्या शाळेतले गुरुजी आणि मोबाइलच्या दुकानाचा प्रशांत. प्रशांत दिवसभर दुकानात बसून तंबू ठोकणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघायचा. पाठीवर पिशवी, भाड्याची गाडी, तंबू, स्वतःच रांधायचं, हॉटेलात पाय ठेवायचा नाही. अशा रीतीनं दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना, झिंबाब्वे फार स्वस्तात होते, हे त्यानं आमच्या डोक्यात भरवलं. गाव हसलं. वाघ घरामागं सोडून हे हत्ती पाहायला समुद्रापार चालले म्हणे. सोबत यायला तयार झालेला चौथा गडी बायकोनं डोळे वटारल्याबरोबर बसला. गाडीत एक जागा रिकामी राहिली आणि तिघांवर खर्च चढला.

मी हे रडगाणं केंद्रात गात होतो, तर लसीची पेटी पुसता पुसता सिस्टर म्हणाल्या, "मले घेता का?"

मला वाटलं थट्टा आहे. म्हटलं, सिस्टर, जमिनीवर झोपावं लागतं. "मंग मी काय झाडावर झोपतो?" पासपोर्ट लागतो म्हटलं. तर पासपोर्ट होता. कधीतरी बुद्धगयेहून पुढे नेपाळ, लंका असं फिरायचं म्हणून काढून ठेवलेला, एकही शिक्का नसलेला. रिटायर व्हायला दोन वर्षं होती. मी विचारलं, तुम्हाला तिथं बघायचंय काय? त्यांनी थोडा विचार केला. "लोक काय खाते, ते."

मे महिन्यात निघालो. आपल्याकडे अंगाची लाही, आणि तिकडे थंडीला सुरुवात. गुरुजींनी एक पातळ चादर आणली होती, ते तीन दिवस दात वाजवत फिरले. सिस्टर मात्र सहावारी, वर स्वेटर, पायात पांढरे बूट अशा ऐटीत. तंबू त्यांचा वेगळा, आणि तो त्या स्वतः ठोकायच्या.

पहिल्याच मुक्कामात शेजारी एक म्हातारा गोरा मनुष्य निखाऱ्यांवर लोखंडी भांडं ठेवून बसला होता. मी ओळखलं, आता काय होणार. मी "सिस्टर" म्हणेपर्यंत झाकण वर. म्हाताऱ्यानं आधी यांच्याकडे पाहिलं, मग साडीकडे, मग उठून खुर्ची दिली. तो वीस मिनिटं इंग्रजीत सांगत होता, या वऱ्हाडीत विचारत होत्या. परत आल्या आणि म्हणाल्या, "मटन हाये, पन हालवत नाईत. थर लावून सोडून देते. तीन तास." मी विचारलं, हे तुम्हाला कसं कळलं? "सांगितलं ना त्यांनी."

बोत्स्वानात शिरलो आणि सिस्टर खिडकीला चिकटल्या. रस्त्यानं गाढवं, गाई, शेळ्या, काटेरी झुडपं, मध्येच ज्वारीची वाळलेली वावरं. "भाऊ, हे तं आपलं उमरखेडकडलंच दिसून राह्यलं," दर अर्ध्या तासानं. तिसऱ्या दिवशी एका गावाजवळ तंबू ठोकायची जागा मिळाली. दुपार कलत होती. सिस्टर पाय मोकळे करायला म्हणून गावाकडे निघाल्या. मी मागून गेलो, कारण मला माझी माणसं ठाऊक आहेत.

पहिल्याच अंगणात तीन पायांचा काळा गंज चुलीवर होता. शेजारी एक बाई बसलेली, सिस्टरच्याच वयाची असेल. सिस्टर म्हणाल्या "दुमेला". तेवढा नमस्कार त्या शिकल्या होत्या. बाई "दुमेला, म्मा" म्हणाली. आणि यांनी वाकून झाकण उचललं.

परका देश, परकं अंगण. बाई क्षणभर बघत राहिली. मग अशी हसली की तिला डोळे पुसावे लागले.

गंजात ज्वारीचं आंबवलेलं पीठ शिजत होतं. सिस्टरनी वास घेतला आणि माझ्याकडे वळून पाहिलं. तसा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. "भाऊ, आंबील. आमची आई करे, तशी घट्ट." दुसऱ्या भांड्यात चवळीचा पाला होता. तोही त्यांनी ओळखला. बाईनं पांढऱ्या पत्र्याचं, निळ्या काठाचं वाडगं घेतलं, काठोकाठ भरलं, वर पाला घातला आणि सिस्टरच्या हातात दिलं. चौघांना पुरलं. गुरुजींनी बोटं चाटली.

वाडगं घासून मी म्हटलं, देऊन येतो. तर सिस्टर, "थांबा. रिकामं कसं देता?" सकाळी करू म्हणाल्या. आमच्याकडे रवा होता, गूळ होता.

सकाळी लवकर उठून त्यांनी गॅसच्या शेगडीवर सांजा केला. तूप नव्हतं, तेलातलाच. वाडगं भरलं, वर ताटली झाकली, आणि आम्ही तिच्या दारात गेलो. दार बंद. शेजारच्या म्हाताऱ्यानं हातानं कापणीची खूण केली आणि दूर बोट दाखवलं. ज्वारीची सोंगणी चालू होती, बाई शेतावर गेली होती. कधी येईल? त्यानं आकाशात सूर्य डोक्यावर दाखवला.

सिस्टर पायरीवर बसल्या. मला पुढचे साडेचारशे किलोमीटर दिसत होते. त्या रस्त्यावर अंधार पडल्यावर गाढवं बसतात, त्यामुळे दिवसाउजेडी पोचायलाच हवं होतं. जागा आधीच बुक केलेली. मी म्हटलं, म्हाताऱ्याजवळ द्या. "हातात द्याचं असते," सिस्टर म्हणाल्या. दारात ठेवा म्हटलं. "शेळ्या खातीन. आन् मंग तिले रिकामं भेटन."

माझा पारा चढला. आणि मी म्हणालो, "सिस्टर, परतताना याच रस्त्यानं यायचंय. तेव्हा दोन तास बसा तिच्याजवळ."

नकाशा माझ्याच खिशात होता. परतीचा रस्ता झिंबाब्वेतून होता, या गावापासून शेकडो किलोमीटर लांबून. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं आणि बुटाची नाडी बांधायला घेतली.

सिस्टर लगेच उठल्या. त्यांना माझ्यावर अविश्वास दाखवायचं काही कारणच नव्हतं. सांजा आमच्या ताटल्यांत वाढला, वाडगं पुसलं आणि स्वतःच्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवलं.

पुढचे आठ दिवस त्यांच्यासारखं मजेत कुणी नव्हतं. नदीवर हत्ती आले तेव्हा आम्ही फोटो काढत होतो, आणि त्या काडी घेऊन हत्तीचं वाळलेलं शेण उकलत होत्या. "पाला हाये, साल हाये, आख्खी काडी हाये. याले पचतच नाई काई. म्हनून दिवसभर खा लागते बिचाऱ्याले." धबधब्यावर आम्ही भिजून चिंब, आणि या एका विक्रेत्या बाईच्या टोपलीतली फळं उलटीपालटी करत उभ्या. पण रोज संध्याकाळी विचारायच्या, "भाऊ, त्या बाईचं गाव कधी येते?" मी म्हणायचो, येईल. आठ दिवस म्हणालो. एकदा खोटं बोलणं सोपं असतं, हो. ते रोज नव्यानं बोलावं लागतं, त्याचा ताप होतो.

शेवटच्या सरहद्दीवर रांगेत उभे असताना त्यांनी विचारलं, "भाऊ, आपुन दुसऱ्या रस्त्यानं आलो ना?"

"हो."

"तुमाले माईत होतं?"

"हो."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मी तिच्या घरचे भांडे पाह्यले होते. तशे वाडगे चारच होते." आणि रांग पुढे सरकली तशा पुढे सरकल्या.

गावी आल्यावर दोन महिने माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या. गोळ्या द्या. सिरप संपलं. ओआरएसच्या पुड्याही कमी व्हायच्या थांबल्या, सिस्टर त्या सही करून न्यायला लागल्या. ते मला सगळ्यात जास्त लागलं. एक दिवस मी म्हटलं, सिस्टर, वाडगं कुरिअरनं पाठवू. त्या म्हणाल्या, "पत्ता काय टाकता? अंगनातली बाई, ज्वारीवाली?" मी म्हटलं, मग मी स्वतः नेऊन देतो. "तुमी कायले? तुमाले दिलं होतं का तिनं?"

वाडगं त्यांच्या फडताळात वरच्या फळीवर होतं. त्यात त्या काही ठेवत नसत. रिटायर झाल्यावर फंड आला की जाणार होत्या, एकट्या, विमानातून उतरून पुढे बसनं. प्रशांतकडून बसचे मार्गही लिहून घेतले होते. त्याच सुमाराला पाय सुजायला लागले. दुसऱ्यांच्या पायांवर बोट दाबून पाहण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनी स्वतःचे पाय पाहिले नाहीत, याचा मला आजही राग येतो. किडन्या गेल्या होत्या. यवतमाळला भाचीच्या घरी राहायला गेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. विमानाचा विषय संपला.

मी महिन्यातून एकदा जायचो. इकडचं तिकडचं बोलायचो. वाडगं त्यांच्या उशाजवळच्या खिडकीत होतं, आणि त्याबद्दल कुणीच बोलायचं नाही. मागच्या वर्षी मार्चमध्ये गेलो, तर भाची तीळ भाजत होती. सिस्टर पलंगावर उठून बसलेल्या.

"भाऊ, वाडगं नेसान का?"

मान हलवली.

"हातात द्याचं."

"हातातच देईन."

"भेटली नाई तं परत आना. पन मले खरं सांगा."

तिळाचे लाडू त्यांनी स्वतः वळले. तूप नाही, दूध नाही, विमानतळावर कुणी अडवू नये म्हणून. मे महिन्यात मी आणि गुरुजी निघालो. या वेळी गाडी नव्हती. बसगाड्या, खांद्यावर पिशव्या आणि एकच तंबू. सरहद्दीवरच्या अधिकारी बाईनं वाडगं उघडायला लावलं. काय आहे म्हणाली. गोड आहे म्हटलं. तिनं मोजणाऱ्या नजरेनं मला पाहिलं आणि जाऊ दिलं.

गाव सापडलं. अंगण सापडलं. बाई होती, केस पांढरे झालेले. मला तिनं ओळखलं नाही. मी फोनवर सिस्टरचा फोटो दाखवला, तेव्हा मात्र ओरडलीच. शेजारणींना हाका मारल्या, सगळ्यांना तो फोटो दाखवला, आणि काय झालं होतं ते हातवारे करून सांगितलं. सगळ्या हसल्या. मग मी वाडगं तिच्या हातात दिलं, दोन्ही हातांनी.

तिला ते वाडगं आठवतच नव्हतं. तिनं ते फिरवून पाहिलं, लाडू पाहिले, मला वाटतं तिला ते नवीनच आणलंय असं वाटलं. चार वर्षं आमच्याकडे ज्याच्यापायी एवढं रामायण झालं, त्याचा तिला पत्ताही नव्हता. मला हसू आलं आणि रडूही आलं. मी तिथंच पायरीवर बसून आपल्या वऱ्हाडीत सांगून टाकलं, की बाई, मी खोटं बोललो होतो, नाही तर हे तुले तवाच भेटलं असतं. तिला एक अक्षर कळलं नाही. तिनं लाडवाचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी निघताना निरोप घ्यायला गेलो. तिनं वाडगं आणलं. घासलेलं, ज्वारीच्या पिठानं भरलेलं, वर फडकं बांधलेलं. मी नको नको म्हणालो. फोटोकडे बोट दाखवून तिनं ते माझ्या छातीशी दाबलं. गुरुजी म्हणाले, "घ्या मुकाट्यानं."

यवतमाळला पोचलो. सिस्टर झोपून होत्या. माझ्या हातात वाडगं बघितलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"नाई भेटली."

"भेटली, सिस्टर. हातात दिलं."

"मंग हे?"

मी फडकं सोडलं. त्यांनी पिठात बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मी फोटो दाखवायला फोन काढला. "ठेवा तो," म्हणाल्या. मग हसायला लागल्या. खोकला येईपर्यंत हसल्या, भाची पाणी घेऊन धावत आली. "म्हनजे तिच्याकडेबी तसंच हाये व. आता हे रिकामं कसं पाठवाचं?"

भाचीनं त्या पिठाची आंबील केली. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं, तरी चार चमचे खाल्ले. मी समोर बसलो होतो. वाटीतली उरलेली माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "घ्या. तुमी आनली." त्या सरहद्दीनंतर त्यांनी मला स्वतःच्या हातानं काही दिलं ते पहिल्यांदाच.

पोळ्याच्या आसपास सिस्टर गेल्या. आमच्या केंद्रावर त्या दिवशी इतकी माणसं आली की ओपीडी बंद ठेवावी लागली. त्यांतली निम्मी त्यांच्याच हातावर जन्मलेली होती.

पंधरा दिवसांनी भाची आली. पिशवीतून वाडगं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. स्वच्छ, आत काही नाही. मी आत डोकावून पाहिलं, तर ती ओशाळून म्हणाली, "मी साखर भरून आनत होतो, भाऊ. पन मावशीनं सांगून ठेवलं होतं. भाऊले रिकामंच देजो म्हने, भराचं काम त्याइचं हाये."

गुरुजींनी पुढच्या मे महिन्याच्या बसगाड्या बघून ठेवल्या आहेत. मी दोनदा पांढरकवड्याच्या बाजारात जाऊन आलो. काय भरावं ते ठरत नाही, आणि ज्यांना विचारलं असतं त्या आता नाहीत.